आश्रुबाच्या पालातला चहा

आमच्या ह्यांना हृदयाचा त्रास झाला त्याचं खापर मी आधी चहावर फोडलं, मग दुधावर आणि शेवटी ह्यांच्यावर. तेहेतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं मी. चूक कुणाची ते ठरल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही.

ह्यांचं नाव सुंदरराव. आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. गाव चौसाळ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर दिवसाआड यायचा आणि निम्म्या गावाची जनावरं माळावरच्या चारा छावणीत बांधलेली होती. डेअरीवर जिथं रोज चारशे लिटर दूध गोळा व्हायचं, तिथं शंभराच्या आत आलं होतं. त्यात एका खासगी डेअरीची गाडी गावात चकरा मारू लागलेली. संस्था बुडते की राहते, अशी कुजबुज रोजची.

सकाळचं दूध गोळा झालं की हे चालत आश्रुबाकडे जायचे. आश्रुबा म्हणजे ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. ऊसतोडीला जाणारा माणूस, पाच-सहा एकर कोरडवाहू आणि एक गाय. एकतीस वर्षांपूर्वी संस्था निघाली तेव्हा पहिल्या दिवशी कुणीच दूध घालायला तयार नव्हतं. सगळे लांब उभे राहून मजा बघत होते. तेव्हा आश्रुबाभाऊजी दीड लिटर दूध घेऊन आले आणि मापात ओतून म्हणाले, "चेरमन, लिव्हा माझं नाव." त्या दिवशी ह्यांनी त्यांच्या घरी चहा घेतला. तिथून पुढं रोज. भाऊजी उसाला गेले की सहा महिने हे घरचा चहा तोंड पाडून प्यायचे. यंदा तोडायला फारसा ऊस नव्हता, कारखाने लवकर थंड पडले, म्हणून भाऊजी गावातच होते. गाय छावणीत, म्हणून तेही छावणीत. ताडपत्रीचं पाल, तीन दगडांची चूल आणि चुलीपुढं त्यांची बायको छबुबाई.

मीही कधीमधी जायची. तिथला रिवाज ठरलेला. छबुबाई दाट दुधाचा चहा करायची, बशी पुसून ह्यांच्या हातात द्यायची. भाऊजी समोर उकिडवे बसून ह्यांना पिताना बघायचे. "तू घे की," हे म्हणायचे. "म्या आत्ताच घेतलाय," भाऊजी म्हणायचे. एकतीस वर्षांत हे वाक्य बदललं नाही. मला वाटायचं, काय हा आगाऊपणा, पाच मिनिटं थांबून दोस्ताबरोबर प्यायला काय होतं ह्या माणसाला?

एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस भाऊजींच्या दुधाची डिग्री उतरली. डिग्री म्हणजे दुधात काचेची नळी तरंगत सोडतात, ती किती वर राहते ते. दूध पातळ असलं की नळी खाली जाते आणि रांगेतले लोक एकमेकांकडे बघतात. डेअरीवर माप घेणारा सिदू मोठ्या आवाजाचा. तो ह्यांना बोलला, "अण्णा, पंचवीसच्या खाली हाय." रांगेत कुणीतरी हसलं. हे तिथंच खुर्चीवर बसले होते. "असू दे, घे," एवढंच म्हणाले. ह्यांना वाटलं, आपण दोस्ताची बाजू राखली.

आणि त्याच दुपारी ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं. "पित्त झालंय," म्हणून पेलाभर दूध प्यायले. घाम फुटला, डावा हात जड झाला, तरी म्हणे पित्त. मी काही ऐकलं नाही. शेजारच्या राधाकिशनची जीप काढायला लावली आणि बीड गाठलं. दवाखान्यात चार दिवस ठेवून घेतलं, एका नसेत स्प्रिंग बसवली. त्या चार दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. माणूस पलंगावर निजलेला बघून मला त्याचा इतका राग आला होता, आणि इतकी माया, की दोन्हीत फरकच उरला नव्हता.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काका, चहा किती कप?"

"दोन-तीन," हे म्हणाले.

"खोटं," मी म्हणाले. "अकरा. घरी तीन, डेअरीवर दोन, ग्रामपंचायतीत एक, आणि उरलेले जो हाक मारील त्याच्याकडे. प्रत्येकात दोन चमचे साखर. बावीस चमचे झाले."

बाई हसल्या. म्हणाल्या, "चहा वाईट नाही हो काकू. चहाच्या पानात काही द्रव्यं असतात, फ्लॅव्होनॉईड म्हणतात त्यांना. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक ठेवायला ती मदत करतात, आतली सूजही थोडी कमी करत असावीत, असं काही अभ्यासांत दिसलंय. दिवसाला दोन-तीन कप साधा चहा घेणाऱ्यांत हृदयाचा त्रास जरा कमी आढळतो. पण काका जे पितात तो चहा नाही, ती चहाच्या रंगाची बासुंदी आहे."

"आतली सूज म्हणजे कशी?" मी विचारलं. मास्तरकी सुटत नाही.

"पायाला मुका मार लागला की सूज येते, ती दिसते. तशीच बारीक सूज वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीला येत राहते. दिसत नाही, दुखत नाही. पण तिथंच चरबी साचते आणि एक दिवस वाट बंद होते."

"आणि दूध घातलं की पानाचा गुण जातो का?"

"काही जण म्हणतात जातो, काही म्हणतात नाही. ते भांडण अजून मिटलेलं नाही. काकांचा प्रश्न साखरेचा आणि सायीच्या दुधाचा आहे. कोरा घ्या, बिनसाखरेचा, दोन-तीन कप. आणि एक लक्षात ठेवा, चहा हे औषध नाही. गोळी चुकवाल तर चहा वाचवायला येणार नाही."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. हे मात्र जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "गावात कुनाला सांगायचं न्हाई. चेरमन आजारी म्हनलं की संस्था आजारी. उद्या निम्मे लोक त्या गाडीला दूध घालतील. इचारलं तर म्हन, घाटनांदूरला लेकीकडं गेलतो."

"आणि आश्रुबाभाऊजींना?"

"त्याला तर आजाबात न्हाई. थोरला भाऊ असाच गेला त्याचा, फडावर, त्याच्या मांडीवर. त्यो जेवनच सोडंल."

मला पटलं नाही. पण दवाखान्यातून नुकत्याच निघालेल्या माणसाशी वाद घालायची माझीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सवयीनं छावणीकडे निघाले. चालताना कुणीतरी सोबत हवं म्हणून मीही निघाले. छबुबाईनं पाच दिवसांनी पाहुणा आला म्हणून चूल भरभर पेटवली. झाकून ठेवलेलं दूध आधणात ओतलं. बशी पदरानं पुसली आणि ह्यांच्यापुढं धरली.

"नको," हे म्हणाले. "आज पोट बरं न्हाई."

भाऊजींनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग बशीकडं. मी सांगायला तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सावरत गप्प बसले. कोरा मागायचीही सोय नव्हती. आमच्याकडं कोरा चहा उसाच्या फडावर पितात, नाहीतर मयताच्या घरी. गाय दारात असलेल्या माणसाकडं कोरा मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची गरिबी काढणं. तो चहा तसाच राहिला, वर साय धरली.

दुसऱ्या दिवशी "आत्ताच घेऊन आलो" म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. मला म्हणाले, "रोज त्याच्या तोंडावर खोटं बोलवत न्हाई." खरं सांगायला मात्र ह्यांची जीभ उचलत नव्हती.

चार दिवसांनी मी डेअरीवरून जाताना भाऊजी रांगेत दिसले. हे खुर्चीवर होते. भाऊजींनी दूध ओतलं, सिदूनं नळी सोडली, डिग्री तेवढीच. भाऊजी ह्यांना म्हणाले, "चेरमनसाहेब, तुमचं काय म्हननं हाय माझ्या दुधाबद्दल?"

ज्या माणसानं चारचौघांत 'चेरमन' आणि एरवी 'सुंदर' एवढंच म्हटलं, तो 'साहेब' म्हणाला आणि 'तुमचं' म्हणाला. हे म्हणाले, "काय न्हाई. घे रे सिदू." भाऊजींनी रिकामी किटली उचलली आणि मान खाली घालून गेले.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "कळलं का तुम्हाला काय झालंय ते? त्याची डिग्री उतरली आणि त्याच दिवसापासून तुम्ही त्याचा चहा सोडलात. त्याला वाटतंय, तो दुधात पाणी घालतो असं तुम्ही धरून चाललात. त्याच्या दुधाचा चहासुद्धा तुम्हाला नको."

हे चमकून म्हणाले, "आसं कसं वाटंल त्याला? आश्रुबा आन पानी?"

"मग जा आणि सांगा."

"उद्या सांगतो," हे म्हणाले. माझ्या घरच्या माणसाचे सगळे उद्या मी मोजले असते तर एक जन्म पुरला नसता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशीच सूज भाऊजींनाही आतून आली होती. दिसत नव्हती, त्यांनी दुखतं असं म्हटलंही नव्हतं. आम्ही ती वाढू दिली.

त्या 'उद्या'ला हे गोळी घेऊन डेअरीवर गेले आणि मी मागोमाग ह्यांची विसरलेली टोपी घेऊन गेले. बघते तर रांग मोडून सगळे गोल करून उभे. मधोमध आश्रुबाभाऊजी आणि त्यांची गाय. छावणीतून अर्धा कोस चालवत आणलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. छावणीत चारा म्हणून मिळणाऱ्या उसाच्या कांड्या खाऊन खाऊन तोंड सोललेलं. भाऊजींनी धोतर खोचलं, धुतलेली चरवी सगळ्यांना आतून दाखवली, उलटी करून झटकली आणि गायीखाली बसले.

"बघा समदे," ते म्हणाले. "सिदू, तू तर हितं म्होरं ये."

धार निघायला लागली. बारीक, तुटक. सव्वा लिटर दूध निघालं असेल. भाऊजींनी ते निवू दिलं. तेवढा वेळ गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग सिदूला म्हणाले, "सोड नळी."

नळी पंचवीसच्या खालीच राहिली.

सिदूची मान खाली गेली. रांगेतल्या म्हाताऱ्या बद्रीनाथनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नुसत्या उसावर जनावर ठिवलं तर दुसरं काय व्हनार बे? माझ्या गाईचं बी तेच हाय." दोघं-चौघं 'व्हय व्हय' करायला लागले. हसणारा कोण होता ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

पण भाऊजींना रांगेशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी चरवी उचलली आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"एकतीस वर्सं झाली. तुमच्या मापात थेंबभर पानी घातलं असंल तर ही गाय आजच्या आज मरू दे. चेरमनसाहेब, आता तरी प्या. एक घोट. न्हाईतर समद्यांम्होरं सांगा, का पीत न्हाई."

हे उठले. डोळे भरले होते. आणि वेड्या माणसानं दोन्ही हात पुढं करून चरवी घेतली. पिणारच होते. एका घोटानं काही झालं नसतं, हे आज मला कळतं. पण तेव्हा मला दिसला तो फक्त दवाखान्यातला पलंग. मी टोपी फेकली आणि ओरडले.

"ठेवा ती खाली! भाऊजी, ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय. घाटनांदूरला कुणी गेलं नव्हतं. बीडला दवाखान्यात होते चार दिवस. तुमच्या दुधाला काही झालेलं नाही, ह्या माणसाच्या काळजाला झालंय. दुधाचा चहा, साखर, सगळं बंद केलंय डॉक्टरनं. आणि तुम्हाला सांगू दिलं नाही, कारण तुम्ही जेवण सोडाल म्हणे!"

संस्थेचं गुपित मी भर रांगेत फोडलं होतं. फुटू दे, मला त्या घटकेला संस्थेची पर्वा नव्हती.

भाऊजींनी चरवी ह्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. खाली ठेवली. मग ह्यांच्या छातीवर, सदऱ्यावरूनच, तळवा ठेवला. थोरल्या भावाच्या छातीवर ठेवला असेल तसा.

"सुंदर," ते म्हणाले. "मला कावून सांगितलं न्हाई बे?"

"चुकलं," हे म्हणाले.

"आन म्या तुला एकतीस वर्सं दुधाचा पाजत ऱ्हायलो. म्याच केलं की रं हे."

आता मात्र मला रडू आवरेना. मी म्हणाले, "भाऊजी, अकरा कपांतला एक तुमचा. बाकीच्या दहांची नावं सांगू का?" रांगेतल्या सात-आठ जणांनी नजर चुकवली. बद्रीनाथ फस्सकन हसला आणि मग सगळेच हसले. त्या दिवशी खासगी गाडी गावातून रिकामी गेली असं मी म्हणणार नाही. पण रांगेतून कुणी उठून तिच्याकडं गेलं नाही, एवढं मी बघितलं.

आम्ही चौघं छावणीकडं निघालो. हे, मी, भाऊजी आणि गाय. गायीच्या चालीनं चालायचं होतं, डॉक्टरनं ह्यांना तेवढंच हळू चालायला सांगितलं होतं. पालाशी पोचलो तर छबुबाई चुलीपुढं बसलेली. तिला सगळं सांगितलं. ती घाबरली, रडली, ह्यांच्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मग हतबल होऊन म्हणाली, "आता पाव्हन्याला देऊ काय म्या?"

"कोरा चहा," मी म्हणाले. "बिनसाखरेचा. पानात गुण असतो, नसा मऊ ठेवतो, आतली सूज उतरवायला हातभार लावतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"म्हंजी फडावरचा चहा दवा हाय म्हना की," भाऊजी म्हणाले.

"दवा नाही. दवा गोळ्यांत आहे. आणि फडावर तुम्ही त्यात मूठभर साखर घालता."

छबुबाई हसत मागं वळली आणि चुलीमागच्या राखेत ठेवलेलं एक काळं पातेलं पुढं ओढलं. झाकण काढलं. आत कोरा चहा होता, तयार. "ह्यो आमचा हाय," ती संकोचून म्हणाली. "साखर अजून घातली न्हाई. पर ह्यो कसा द्यावा तुमाला?"

"आमचा म्हणजे?" मी विचारलं.

"आमी दोघं ह्योच पितो. कवाबी. दूध डेअरीला घालायचं, त्यातलं येक कपभर मागं ठिवायचं, चेरमनसाठी. चेरमन गेले की आमी आमचा घ्यायचो."

"छबे," भाऊजी तिला दटावायला गेले, पण उशीर झाला होता.

हे ताडपत्रीला टेकून बसले होते ते सरळ झाले. त्यांनी एकदा पातेल्याकडं पाहिलं, एकदा दोस्ताकडं. "म्या आत्ताच घेतलाय" हे वाक्य किती हजार वेळा ऐकलं असेल ह्यांनी. मीही ऐकलं होतं आणि मनातल्या मनात त्या माणसाला आगाऊ ठरवलं होतं. चुका शोधणारी मी, सगळ्यात मोठी चूक माझ्याच वहीत निघाली.

"आश्रुबा," हे म्हणाले, "माझ्याम्होरं कावून न्हाई पिलास कधी?"

भाऊजी जमिनीकडं बघत राहिले. "तुझ्या बशीत दूध आन माझ्या बशीत काळं. बघून तुला घोट गिळला असता का?"

छबुबाईनं दोन बशा पुसल्या. दोन्हीत पातेल्यातला चहा ओतला, सारखा. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कडू होता. दुसरा घोट घेतला.

"तू घे की," हे म्हणाले.

"म्या आत्ताच…" भाऊजी सवयीनं बोलून गेले आणि थांबले. मग समोरची बशी दोन्ही हातांनी उचलली आणि ह्यांच्याकडं बघत प्यायला लागले.